योन-कंबोजाचा प्रश्न आणि शाळेतील श्रीलंका

मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्त आमच्या वाचकांच्या परिचयाचे आहे. श्रावस्तीत जमलेल्या ब्राह्मणांनी तथागतांशी वाद करण्यासाठी ज्याला पुढे केले, तो अस्सलायन अवघा सोळा वर्षांचा विद्यार्थी होता. तिन्ही वेदांत पारंगत असूनही तो या वादास नाखूष होता आणि तिसऱ्यांदा आग्रह झाल्यानंतरच गेला. ब्राह्मण तेवढे श्रेष्ठ, कारण ते ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले, हा त्याने मांडलेला पक्ष. तथागतांनी प्रथम ब्राह्मण स्त्रियांच्या प्रसूतीकडे त्याचे लक्ष वेधले आणि लगेच दुसरा प्रश्न विचारला. योन, कंबोज आणि अन्य सीमावर्ती जनपदांत मालक व दास असे दोनच वर्ण आहेत आणि तेथे मालकाचा दास व दासाचा मालक होऊ शकतो, हे त्याने ऐकले आहे काय, असा तो प्रश्न होता. अस्सलायनाने होय म्हटले. त्याने ते ऐकलेले होते.

सुत्ताचा हा भाग आपण जातिखंडनाचा युक्तिवाद म्हणून वाचतो आणि ते योग्यच आहे. तथापि एका सोळा वर्षांच्या मुलाला परदेशाविषयी शिकविण्याचा हा एक पाठही आहे, ही गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. या पाठात तीन गोष्टी आहेत. पहिली अशी की, तथागत विद्यार्थ्याला नवी माहिती देत नाहीत. जे त्याच्या कानावर आधीच आलेले आहे, तेथून ते आरंभ करतात. माहिती अस्सलायनापाशी होती, पण तिच्यावरून जो निष्कर्ष काढावयाचा, तो त्याने काढलेला नव्हता. दुसरी अशी की, योन-कंबोजांची येथे स्तुती नाही. तेथे दास आहेत हे स्पष्ट सांगितलेले आहे. तिसरी अशी की, त्या दूरच्या देशाकडे पाहून विद्यार्थ्याने आपल्या देशाकडे परत पाहावे, ही अपेक्षा आहे. जे इकडे निसर्गसिद्ध म्हणून सांगितले जाते ते तिकडे नाही, तर मग ते निसर्गसिद्ध कसे?

आज आपल्या शाळांतून, आणि आपल्या विहारांतील रविवारच्या वर्गांतूनही, सहावी ते आठवीच्या मुलांना परदेश जसा शिकविला जातो, त्यात या तीन गोष्टींपैकी किती असतात, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे. त्यासाठी एकच देश घेतला आहे, श्रीलंका. तो आपला निकटचा शेजारी आहे. ज्या पालि त्रिपिटकावर आमचा अभ्यास उभा आहे, ते इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, परंपरेनुसार मातलेनजीकच्या अलुविहारात, ग्रंथारूढ झाले. आणि आपल्या विहारांत भारताखेरीज ज्या देशाचे नाव वारंवार उच्चारले जाते, त्यात हा देश अग्रभागी आहे.

‘गोवी’ म्हणजे काय?

आरंभ स्वतःच्या चुकीपासून करणे इष्ट. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक एका वस्तीतील विहारात मुलांचा वर्ग घेत असे. विषय होता महिंद व संघमित्ता यांचे सिंहलद्वीपातील कार्य. देवानंपिय तिस्स राजाची भेट, महाविहाराची स्थापना, बोधिवृक्षाची शाखा घेऊन संघमित्तेचा सागरप्रवास, अनुराधपुरात आजही उभा असलेला तो वृक्ष, हे सारे सांगून झाले. मुले रंगून ऐकत होती. तेव्हा सातवीतील एका मुलीने विचारले, ‘सर, गोवी म्हणजे काय?’

तिच्या मावशी नुकत्याच धम्मयात्रेहून परतल्या होत्या. त्यांनी आणलेली बुद्धमूर्ती कोलंबोच्या एका रविवारच्या इंग्रजी वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. त्या कागदावर वधू-वर पाहिजेच्या जाहिराती होत्या आणि मुलीच्या मोठ्या भावाने त्या वाचून दाखविल्या होत्या. अनेक जाहिरातींत ‘गोवी बुद्धिस्ट’ असे शब्द होते. बुद्धिस्ट तिला कळले, गोवी कळले नाही.

गोवी म्हणजे गोयिगम, सिंहली समाजातील शेतकरी जात, हे लेखकास ठाऊक होते. जाहिरात देणाऱ्यास जात जुळणारे स्थळ हवे होते, हेही कळत होते. तरीही, ‘तिकडे तसे आडनावासारखे लावतात’, असे काहीतरी सांगून वेळ मारून नेली. समोर चाळीस मुले होती. त्यांच्या आईवडिलांनी जातीच्या नरकातून बाहेर पडण्यासाठी ज्या धम्माचा आश्रय घेतला, तो धम्म दोन सहस्र वर्षे नांदत असलेल्या देशातही जात आहे, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे, असे त्या क्षणी वाटले. हेतू वाईट नव्हता, परंतु ते असत्य होते. चौथ्या शीलाचा भंग विहारातच, तोही गुरूच्या आसनावरून झाला.

या घटनेने एक गोष्ट लक्षात आणून दिली. आपण शालेय पुस्तकांवर टीका करतो, ती योग्यच असते. परंतु पुस्तकांच्या चुकीच्या साच्याला पर्याय म्हणून आपणही एक साचाच पुढे करीत असू, तर मुलाच्या हाती काय पडते? श्रीलंकेपुरते बोलावयाचे तर हे साचे तीन आहेत. त्यांचा क्रमाने विचार करू.

चहा, आणि चहा खुडणारे

पहिला साचा भूगोलाचा. स्थान व विस्तार, प्राकृतिक रचना, हवामान, पिके, खनिजे, उद्योग, प्रमुख शहरे, लोकजीवन. देश कोणताही असो, शीर्षकांचा क्रम बहुधा हाच असतो. परीक्षेत विचारले जाते की श्रीलंकेचे प्रमुख निर्यात पीक कोणते. विद्यार्थी लिहितो, चहा. पूर्ण गुण मिळतात. अस्सलायनाप्रमाणे त्याने ‘ऐकलेले’ असते, पण पुढचा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो चहा खुडते कोण?

या एका प्रश्नाने सारा पाठ जिवंत होऊ शकतो. तेथील डोंगरांत इंग्रजांनी प्रथम कॉफी लावली. १८६९ पासून पानांवरील तांबेऱ्याने कॉफीचे मळे बसत गेले आणि त्यांच्या जागी चहा आला. मळ्यांवर राबण्यासाठी तत्कालीन मद्रास इलाख्यातून तमिळ मजूर नेण्यात आले. त्यांतील बहुसंख्य अस्पृश्य गणलेल्या जातींचे होते, हे आमच्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे. मळ्यांच्या चाळवजा ‘लाइनीं’त त्यांच्या पिढ्या गेल्या. १९४८ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने यांतील बहुतेक जण कोणत्याच देशाचे नागरिक उरले नाहीत. त्यांच्या श्रमावर ज्या देशाचा निर्यात व्यापार उभा होता, त्या देशात त्यांना मत नव्हते. १९६४ साली सिरिमावो बंदरनायके आणि लालबहादूर शास्त्री यांच्यात करार झाला. ५,२५,००० माणसे भारताने घ्यावीत, ३,००,००० श्रीलंकेने ठेवावीत आणि उरलेल्या १,५०,००० जणांचा निर्णय पुढे करावा, असे ठरले. १९७४ साली तीही निम्मी-निम्मी वाटून घेण्यात आली. तेथेच राहिलेल्या अनेकांचा प्रश्न २००३ च्या कायद्याने मार्गी लागेपर्यंत अर्धशतक उलटून गेले होते.

हा मजकूर सातवीच्या मुलाला जड जाईल, असे म्हणणारे म्हणोत. परंतु आमच्या वस्त्यांतील मुलांना शिधापत्रिका आणि जातीचा दाखला यांसाठी कचेरीत ताटकळणारी घरची माणसे ठाऊक असतात. ‘कागद नसलेला माणूस’ ही कल्पना त्यांना समजावून द्यावी लागत नाही.

याच साच्यात पाण्याचाही बळी जातो. श्रीलंकेचा नैर्ऋत्य भाग ओला आणि उत्तर व पूर्व भाग कोरडा, हे पुस्तकात असते. इतिहासाच्या तासाला अनुराधपूर व पोलोन्नरुव ही प्राचीन राजधान्यांची नावे येतात. पण या दोन्ही राजधान्या कोरड्या भागातच का वसल्या, हा दोन्ही विषयांना जोडणारा प्रश्न कोणत्याच तासाचा नसल्यामुळे कोणीच विचारीत नाही. त्याचे उत्तर तलावांत आहे. पाचव्या शतकात धातुसेनाने बांधविलेला कलावेवा आणि तेथून अनुराधपुराकडे पाणी नेणारा सुमारे ८७ किलोमीटर लांबीचा कालवा, बाराव्या शतकातील पराक्रमबाहूचा पराक्रमसमुद्र, पाण्याचा दाब आवरण्यासाठी धरणाच्या आत बांधलेले चौकोनी विहिरीसारखे कोठे, हे सारे स्थापत्य अचंबित करणारे आहे. भंडारा-गोंदियाकडच्या मुलांनी आपल्याकडचे जुने तलाव पाहिलेले असतात. त्यांना याची ओळख करून देणे कठीण नाही. आणि तलाव बांधला कोणी, त्याचे पाणी मिळाले कोणाला, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच विचारता येतात.

महाराष्ट्रात २०१८ साली आलेल्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांचा जोडीने अभ्यास मांडलेला आहे. परदेश एकटा न शिकविता आपल्या देशाशेजारी ठेवून शिकवावा, ही त्यामागील दृष्टी स्वागतार्ह आहे. ती दहावीपर्यंत थांबू नये आणि केवळ भूगोलापुरती राहू नये, एवढेच आमचे म्हणणे.

शासनाची भूमी

दुसरा साचा आपला स्वतःचा आहे. शाळा ज्या बेटाला मुख्यतः रावणाची लंका म्हणून ओळखते, त्याला आपण बुद्धशासनाची भूमी म्हणून ओळखतो. पहिल्या ओळखीपेक्षा दुसरी इतिहासाला कितीतरी जवळची आहे, यात शंका नाही. पालि वाङ्मय त्या बेटाने राखले. पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्यांनी अनुराधपूरच्या महाविहारात बसून सिंहली अट्ठकथांचा पालि अवतार सिद्ध केला. त्याच्याशिवाय आम्हां अभ्यासकांची स्थिती आंधळ्याची झाली असती. हे ऋण मान्य करावयासच हवे. परंतु ऋण मान्य करणे निराळे आणि ऋणकोने डोळे मिटून घेणे निराळे.

गोयिगम जातीचा प्रश्न पुन्हा घेऊ. सिंहली समाजात ब्राह्मण नाहीत. तेथे शेती करणारा सर्वांत वर आणि दालचिनी सोलणारे सलागम, मासेमारी करणारे करावा, ताडी काढणारे दुरावा हे त्याखाली मानले गेले. रोडी नावाच्या एका लहान समूहाला तर पूर्णपणे बहिष्कृत ठेवले गेले. येथेही योन-कंबोजाचा प्रश्न उपयोगी पडतो. ब्राह्मण नसतानाही जात राहू शकते काय? श्रीलंका सांगते की राहू शकते, कारण राजाने जमीन दिली ती जातवार सेवेच्या मोबदल्यात. ‘राजकारिय’ नावाची ही सेवापद्धती इंग्रजांनी १८३० नंतरच्या सुधारणांत रद्द केली, तरी विवाहसंबंधांतील जात उरली. उत्तरेकडील तमिळ समाजातही वेल्लाळर वर आणि ‘पंचमर’ खाली अशी उतरंड होती. सामाजिक निर्बंधांविरुद्ध तेथे १९५७ साली कायदा करावा लागला आणि १९६८ साली माविट्टपुरम येथील मंदिरप्रवेशासाठी लढा झाला.

आता संघाकडे वळू. अठराव्या शतकात त्या बेटावर उपसंपदेची परंपरा खंडित झालेली होती. वेलिविट सरणंकर यांच्या प्रयत्नाने आणि राजा कीर्तिश्री राजसिंह याच्या साहाय्याने १७५३ साली सयामहून उपालि महाथेर आले आणि उपसंपदा पुन्हा सुरू झाली. हा राजा मूळचा दक्षिण भारतीय नायक्कर घराण्यातील होता, ही गोष्टही मुलांना सांगण्याजोगी आहे. परंतु अल्पावधीतच या सियाम निकायाने उपसंपदा गोयिगमांपुरती मर्यादित केली. ज्या संघात नापित कुळातील उपालि विनयाचा अग्रणी ठरला आणि रस्ते झाडणारा सुनीत थेरपदाला पोचला, ज्या संघाची उपमा तथागतांनी नद्यांची नावे विरून जातात अशा महासागराशी दिली, त्या संघाच्या दारावर जात विचारली जाऊ लागली.

ही कथा येथेच संपत नाही आणि म्हणूनच ती शिकविली पाहिजे. अंबगहपिटिये ञाणविमल हे सलागम जातीचे भिक्खू १७९९ साली काही सहकाऱ्यांसह समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात गेले. तेथील राजधानी अमरपुरा येथे त्यांना उपसंपदा मिळाली. १८०३ साली ते परतले आणि अमरपुरा निकाय उदयास आला. स्वदेशात जे अधर्म्य रीतीने नाकारले गेले, ते त्यांनी परदेशी जाऊन मिळविले. बौद्ध देशातील जात लपविण्यापेक्षा, त्या जातीविरुद्ध बौद्ध मार्गानेच कोणी कसे लढले, हे आमच्या मुलांना अधिक मोलाचे नाही काय? लपविणाऱ्याच्या हातून हा लढाही लपला जातो.

पूज्य बाबासाहेबांची वृत्ती या बाबतीत मार्गदर्शक आहे. मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने ते सिंहलद्वीपात गेले, तेव्हा तेथील धर्म आचरणात कितपत जिवंत आहे हे त्यांना स्वतः पाहावयाचे होते. भाविक यात्रेकरूची दृष्टी घेऊन ते गेले नाहीत. बौद्ध देशांकडे पाहण्याची त्यांची ही निरीक्षकाची दृष्टी आपण मुलांना का देऊ नये?

दृष्टान्त झालेला देश

तिसरा साचा सर्वांत सुधारलेला आहे, म्हणून त्याची समीक्षा अधिक काळजीपूर्वक करावी लागते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या २००७ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या दहावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकाचा पहिलाच पाठ सत्तेच्या वाटपावर आहे. त्यात बेल्जियम आणि श्रीलंका यांची तुलना केलेली आहे. बेल्जियमने भाषिक गटांना सामावून घेतले, श्रीलंकेने बहुसंख्याकांचे वर्चस्व लादले. एक देश एकसंध राहिला, दुसरा यादवीत सापडला. १९५६ चा सिंहली भाषेचा कायदा, विद्यापीठप्रवेशात व नोकऱ्यांत सिंहलींना दिलेले झुकते माप आणि बौद्ध धर्माला राज्यघटनेने दिलेले संरक्षण ही तमिळांच्या दुराव्याची कारणे म्हणून तेथे येतात.

यातील एकही विधान खोटे नाही. अशा पाठाला बौद्धविरोधी म्हणून झिडकारणे हा केवळ अभिनिवेश होईल. आमचा आक्षेप निराळा आहे. येथे देश हा दृष्टान्तापुरता उरतो. बेल्जियम हे कित्त्यासारखे उदाहरण आणि श्रीलंका हा इशारा. मळ्यांवरील भारतीय तमिळांचा उल्लेख होतो, पण पाठाचा भर त्यांच्यावर नाही. १९३१ साली, म्हणजे भारताच्या कितीतरी आधी, जेथे सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मताधिकार मिळाला, १९४५ पासून जेथे शिक्षण विनामूल्य झाले, १९६० साली ज्या देशाने जगातील पहिली स्त्री पंतप्रधान निवडली, तोच हा देश, हे विद्यार्थ्याला त्या पाठातून उमगत नाही. मग इतके शिकलेल्या, मत देणाऱ्या लोकांनी आपल्या शेजाऱ्याची भाषा का नाकारली, हा खरा कठीण प्रश्न उभाच राहत नाही. वाईट देशात वाईट घडले, एवढाच बोध हाती येतो आणि आपल्या देशाकडे परत पाहण्याची गरज संपते.

बौद्ध कुटुंबातील मुलासाठी यात आणखी एक अडचण आहे. समाजशास्त्राच्या पुस्तकात समकालीन बौद्ध देश त्याला बहुधा येथेच भेटतो आणि तोही अन्याय करणारा म्हणून. सहावी ते आठवीत त्याला आम्ही केवळ संघमित्तेची शाखा सांगितलेली असेल, तर दहावीतील हा पाठ त्याला एकतर खोटा वाटेल किंवा आमचेच सांगणे खोटे वाटेल. पहिल्याने तो दुराग्रही होईल, दुसऱ्याने उदासीन. दोन्हींची जबाबदारी आमच्याकडे येते.

महावंस वर्गात

यावर उपाय म्हणून पालि ग्रंथच वर्गात न्यावा, असे आम्ही सुचवितो. महानाम थेरांचा महावंस हा पाचव्या-सहाव्या शतकातील ग्रंथ. दुट्ठगामणी राजाने चोल देशातून आलेल्या एळार राजाला इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात युद्धात मारले, ही त्यातील मध्यवर्ती कथा. आधुनिक काळात ती सिंहली विरुद्ध तमिळ अशा वैराची आद्यकथा म्हणून वापरली गेली. परंतु ग्रंथ उघडून पाहिला तर काय दिसते? एळार चव्वेचाळीस वर्षे न्यायाने राज्य करीत होता, असे ग्रंथकारच सांगतो. त्याच्या शय्येजवळ न्यायाची घंटा होती आणि वासराचा जीव घेतल्याबद्दल त्याने स्वतःच्या पुत्रालाही देहदंड दिला, अशी आख्यायिका तेथे आहे. त्याला मारल्यावर दुट्ठगामणीने त्याचे स्मारक उभारून त्याला सन्मान देण्याची आज्ञा केली.

त्याच ग्रंथात पुढे असेही येते की, युद्धातील संहाराने राजा खिन्न झाला, तेव्हा अर्हत भिक्खूंनी येऊन त्याचे सांत्वन केले. मेलेल्यांत गणती करण्याजोगा मनुष्य केवळ दीडच होता, एक त्रिशरण घेतलेला आणि दुसरा पंचशील घेतलेला असे मोजून. बाकीचे पशूंसमान, असा त्या सांत्वनाचा आशय. हा भाग वाचताना पालिच्या कोणत्याही प्रामाणिक विद्यार्थ्याची मान खाली गेली पाहिजे. आणि तत्काळ संयुक्त निकायातील योधाजीव सुत्त आठवले पाहिजे. तेथे एक योद्धा आग्रहाने विचारतो की, रणात मरणारा स्वर्गाला जातो हे खरे काय. तथागत ते मान्य करीत नाहीत. मारण्याच्या हेतूने भरलेल्या चित्ताची गती अधोगतीच आहे, असे ते त्याला सांगतात.

हे दोन उतारे सोप्या मराठीत आठवीच्या मुलांपुढे शेजारी शेजारी ठेवावेत. दोन्ही पालि, दोन्ही बौद्धांनीच जतन केलेले. यांतील कोणता धम्म, कोणती राजाची सोय, हे मुलांना ठरवू द्यावे. केसमुत्ति सुत्तात कालामांना जी मोकळीक तथागतांनी दिली, ती आपण आपल्या मुलांना देण्यास का कचरावे? त्याबरोबरच हेही सांगावे की, तमिळ आणि बौद्ध हे विरोधी शब्द नव्हेत. ‘मणिमेकलै’ हे बौद्ध महाकाव्य तमिळमध्ये आहे. विनयावर लिहिणारे आचार्य बुद्धदत्त चोल देशातील होते.

१९५६

शेवटी एका वर्षाविषयी. १९५६ हे बुद्धजयंतीचे २५०० वे वर्ष. श्रीलंकेत त्या वर्षी मोठा उत्सव झाला. त्याच वर्षी सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरविणारा कायदा झाला आणि तो व्हावा म्हणून अनेक भिक्खूंनी प्रचार केला होता. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९५९ मध्ये, तो कायदा करणारे पंतप्रधान बंदरनायके एका चीवरधारी व्यक्तीच्या गोळ्यांना बळी पडले. १९८१ साली याफना येथील ग्रंथालय जाळले गेले. सुमारे ९७,००० ग्रंथ व हस्तलिखिते नष्ट झाली. जुलै १९८३ च्या हत्याकांडानंतर यादवी पेटली, ती मे २००९ पर्यंत चालली. तिच्यात केवळ एकच बाजू मारीत नव्हती. १९८५ साली अनुराधपुरात बोधिवृक्षाच्या परिसरातील भाविक मारले गेले, १९८७ साली अरंतलाव येथे तरुण श्रामणेरांची बस अडवून कत्तल झाली. ती तमिळ वाघांची कृत्ये होती. त्याच १९८७ साली करारान्वये गेलेली भारतीय सेना १९९० पर्यंत तेथे होती आणि तिचेही हजाराहून अधिक जवान गेले. पुढे तमिळलाही राजभाषेचे स्थान मिळाले, पण तोवर फार रक्त सांडले होते.

आणि त्याच १९५६ साली, १४ ऑक्टोबरला, नागपुरात काय घडले ते आमच्या वाचकांस सांगावयास नको. एकाच वर्षी, एकाच धम्माच्या नावाने, एका देशात बहुसंख्याकांनी राज्यसत्ता आपल्या भाषेला बांधून घेतली आणि दुसऱ्या देशात ज्यांच्यापाशी काहीच नव्हते त्यांनी माणूसपण मिळविले. फळ्यावर दोन रकाने आखून ही दोन १९५६ मुलांपुढे मांडावीत. धम्म कोणाच्या हाती आहे, कशासाठी आहे, यावर काय अवलंबून असते, हे दुसऱ्या कोणत्याही रीतीने इतके स्पष्ट होणार नाही. आपणही उद्या कोठे बहुसंख्य झालो तर काय करू, हा प्रश्न मग मुलांनाच सुचेल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. परदेशाचा कोणताही पाठ घेताना चार प्रश्न धरावेत. पाणी कोणाला मिळते? जमीन कोणाची आहे आणि तिच्यावर राबते कोण? शाळेत व कचेरीत कोणाची भाषा चालते? आणि धर्माच्या दारातून आत कोणाला घेतात? हेच चार प्रश्न त्याच तासाला आपल्या गावाबद्दलही विचारावेत. रविवारच्या वर्गात यासाठी दोन बैठका पुरेशा आहेत. नकाशा, महावंसातील एळाराची कथा, चहाच्या मळ्याचे एखादे चित्र आणि १९५६ चे दोन रकाने, एवढे साहित्य पुरते.

त्या मुलीच्या प्रश्नाचे पुढे काय झाले, ते सांगून हा लेख संपवितो. पुढच्या रविवारी लेखकाने वर्गात आपली चूक कबूल केली आणि गोवी म्हणजे काय ते सांगितले. सियाम निकायाची मर्यादा सांगितली, ञाणविमलांचा सागरप्रवासही सांगितला. मुले गंभीर झाली होती, निराश झालेली दिसली नाहीत. त्या मुलीने पुन्हा हात वर केला. ‘सर, मग ते भिक्खू ब्रह्मदेशातून परत आल्यावर सगळ्यांना घेत होते का?’

या वेळी उत्तर खरे दिले. सगळ्यांना सहजपणे नाही; अमरपुरा निकायातही पुढे जातींनुसार शाखा पडल्या. मुलीने ते वहीत लिहून घेतले आणि खाली बसली.